सिंधुछायेचा दहावा

"हा नको," तात्या टिपणीस म्हणाले. "ह्यात ती आजारी दिसते."

मी पुढचा फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाजवळ नेला आणि मान हलवली.

"ह्यात फार कडक आलीय. अशी नव्हती रे ती स्वभावाने. आणि हार कुठे घालायचा ह्याला? वर जागाच नाही ठेवलीस."

"तात्या, हे इमारतीचे फोटो आहेत. हार घालायला नाही काढलेले."

"मग कशाला काढलेस?"

ह्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर होतं आणि ते चांगलं लांबलचक होतं. तेव्हा मी मुंबईच्या किनाऱ्याकिनाऱ्याने स्वातंत्र्यानंतरच्या काळात बांधलेल्या इमारतींचे फोटो काढत हिंडत होतो. एका संस्थेने काम दिलं होतं, पाडायच्या आधी टिपून ठेवा म्हणून. लोक किल्ले बघतात, लेणी बघतात. पण पातळ लांब छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, मोझॅकच्या लाद्या, ह्यांच्याकडे मान वर करून बघायला कुणी तयार नाही. ह्याचा मला भयंकर राग यायचा. अजून येतो. टॅक्सीत बसलो तरी मी टॅक्सीवाल्याला छज्जे दाखवायचो, आणि तो बिचारा सिग्नल सुटायची वाट बघायचा.

पण तात्यांना काय सांगणार? तात्या ह्याच इमारतीत म्हातारे झाले होते. गोदीतली नोकरी करून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा, धुवट लेंगा-सदऱ्यातला माणूस. कमरेला करगोट्यात फ्लॅटची किल्ली अडकवलेली. ती किल्ली सगळ्या सोसायटीला हवी होती आणि ते देत नव्हते.

सिंधुछाया प्रभादेवीच्या बाजूला समुद्राला खेटून उभी होती. दाभोळे नावाच्या कुणा तरुण आर्किटेक्टने ती बांधली. त्याने ही इमारत आणि एक पेट्रोल पंप बांधला आणि तो नैरोबीला निघून गेला. पंप आधीच पाडला होता. म्हणजे इथे त्याची एवढीच खूण उरली होती. खाऱ्या वाऱ्याने खांबांतल्या सळया बाहेर आल्या होत्या, निम्म्या लोकांनी बाल्कन्या बंद करून त्यांत फ्रीज ठेवले होते, तरी ती देखणी होती. आणि जिना! गोल मनोऱ्यात मधल्या खांबातून पायऱ्या नुसत्या बाहेर आलेल्या, खाली टेकू म्हणून नाही. मनोऱ्याच्या भिंतीला वाटीएवढी भोकं, आणि दुपार कलली की त्यांतून उन्हाचे गोल येऊन पायरी पायरी चढत जायचे. त्या जिन्यापायी मी वेडा झालो होतो. नुसत्या जिन्याचे फोटो काढायला मी रोज दुपारी येऊन बसत होतो.

"काय आहे रे एवढं त्या जिन्यात?" कुसुमकाकींनी आतून विचारलं.

कुसुमकाकी म्हणजे तात्यांच्या पत्नी. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. दोन्ही गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला त्यालाही वर्षं लोटली होती, आणि टिपणिसांचं घर तिसऱ्या मजल्यावर. काकी तेव्हापासून खाली उतरल्याच नव्हत्या.

"काकी, असा जिना आता कुणी बांधत नाही."

"बरं करतात. लिफ्ट असती तर मीही म्हटलं असतं हो, सुंदर आहे म्हणून. ये, बिरडं केलंय, चार घास खाऊन घे. पाणी जपून वापर मात्र."

पाणी जपून, कारण इमारतीचं पाणी तोडलं होतं. बाकीची सगळी बिऱ्हाडं सामान घेऊन गेली होती. बिल्डर नवा टॉवर बांधणार होता, पण शेवटची किल्ली हातात पडेपर्यंत तो कुणालाही तात्पुरत्या जागेचं भाडं सुरू करणार नव्हता. टिपणिसांसाठी माहीमला लिफ्टवाल्या इमारतीत जागा बघून झाली होती. काकींनी बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्या बॅगेतून रोज एक साडी काढायची, नेसायची, घडी करून परत बॅगेत ठेवायची, असं चाललं होतं. आणि तात्या म्हणत होते, अजून नाही.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी उल्हास विजयकर धापा टाकत वर आले. हा मनुष्य महिनाभरात निम्मा झाला होता. मेहुण्याच्या घरी हॉलमध्ये झोपत होता, आणि मेहुण्याचा कुत्रा त्याच्याआधी सोफ्यावर चढत होता.

"तात्या, आता काय अडलंय तेवढं एकदा सांगून टाका."

"सांगतो की. बस." तात्यांनी माझे फोटो बाजूला सारले. "ह्या घरात आलो तेव्हा वास्तुशांत केली होती ना?"

"सगळ्यांनीच केली."

"म्हणजे काय केलं? तिच्यात प्राण घातले. मंत्र म्हणून, होम करून, रीतसर. बरोबर? मग आता तिला पाडणार, तर ते प्राण कुठे जाणार? नुसतं बुलडोझर लावून मोकळे होणार तुम्ही? घरातलं माणूस गेलं तर असं करतो का आपण?"

विजयकरांनी माझ्याकडे बघितलं. मी बिरड्याकडे बघितलं.

"मग काय करायचं म्हणता?"

"दहावा. पिंड ठेवायचा, कावळा शिवला की मी किल्ली देतो. त्याच्या आधी ब्रह्मदेव आला तरी नाही."

खरं तर कुणीही शहाण्या माणसाने ह्यावर हात जोडून निघून जायला हवं होतं. पण विजयकर त्या कुत्र्याला इतके कंटाळले होते, की त्यांनी लगेच विचारलं, "दहावा धरायचा कुठल्या दिवसापासून?"

हा प्रश्न सप्रे गुरुजींपुढे गेला. गुरुजी तरुण होते, स्कूटरवरून हिंडायचे, आणि त्यांच्याकडे एवढी कामं असायची की नवीन कामाला नाही म्हणायलाही त्यांना सवड नसायची. "शास्त्रात असं काही नाही," ते म्हणाले. मग तात्यांचा चेहरा बघून म्हणाले, "म्हणजे नाही असं नाही, मी वाचलेलं नाही एवढंच." बराच ऊहापोह होऊन निकाल लागला, की पाणी तोडलं तोच देहांताचा क्षण. प्राण म्हणजे पाणीच. विजयकरांनी ते डायरीत टिपून घेतलं, आणि ते इतक्या गंभीरपणे की मलाही क्षणभर पटलं.

"गोत्र?" गुरुजींनी विचारलं.

"काश्यप म्हणा," तात्या म्हणाले. "ठाऊक नसलं की तेच म्हणतात."

मग गुरुजींनी विचारलं, की गेलेल्या व्यक्तीला आवडायचं ते पिंडाजवळ ठेवतात, तर हिला काय आवडायचं? ह्यावर मात्र कुणाचंही दुमत झालं नाही. पहिल्या मजल्यावरच्या शालनताई मानकर फोनवरून म्हणाल्या, सुके बोंबील. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून तो वास त्या जिन्यात असा मुरला होता की रंग दिला तरी जात नव्हता. गुरुजी उठून उभे राहिले. शेवटी त्यांना न दिसेल अशा बेताने, इमारतीमागच्या कठड्याच्या पलीकडे, तिच्या नावाने बोंबील ठेवायचे असं ठरलं.

दहाव्याच्या सकाळी मागच्या वाळूवर सगळे जमले. गेलेली सगळी बिऱ्हाडं परत आली होती, बायका पांढऱ्या-फिक्या साड्यांत, पुरुष उगाच खांद्यावर पंचा टाकून. फोटो अखेर तात्यांनीच निवडला. समोरून घेतलेला, छज्जे सरळ, वर भरपूर आकाश. फ्रेम करून त्याला झेंडूचा हार घातला होता. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात माझ्या फोटोला पडलेला तो पहिला हार. वरच्या खिडकीत काकी बसलेल्या दिसत होत्या.

गुरुजींनी विधी उरकला, पिंडावर दही घातलं, आणि सगळे मागे सरकले.

कठड्यावर कावळे ओळीने बसले होते. समुद्रकाठी कावळ्यांची काय वानवा? एकाने मान तिरकी करून पिंडाकडे पाहिलं, दोन पावलं पुढे आला, आणि पंख साफ करत बसला.

"थांबा जरा," गुरुजी म्हणाले. "येईल."

तो आला नाही. बोंबलांनाही शिवला नाही. तेव्हा मात्र मंडळी घाबरली. पिंड राहू दे, पण मुंबईचा कावळा बोंबील सोडतो म्हणजे काय? आतापर्यंत जे गालातल्या गालात हसत होते त्यांचीही तोंडं उतरली. शालनताईंनी पदर डोक्यावरून घेतला.

"इच्छा राहिलीय तिची," तात्या म्हणाले. "कुणीतरी बोला."

विजयकर पुढे झाले. हात जोडून मोठ्याने म्हणाले, "नव्या टॉवरला तुझंच नाव देऊ."

"खोटं नका बोलू तिच्यासमोर," मागून कुणीतरी म्हणालं. "ओशन क्रेस्ट ठरलंय. ब्रोशरसुद्धा छापलं."

विजयकर मागे सरकले. मग शालनताईंचा बांध फुटला. "माझी बाल्कनी मी बंद केली ग. सून आली, जागा पुरेना. दाभोळ्यांनी किती हौसेने ठेवली होती ती उघडी. चुकलं माझं." कावळा ढिम्म. मग एकाने जाळी फोडून एसी बसवल्याचं कबूल केलं. एकाने गच्चीवर पत्रे घातल्याचं. एकाने मोरीची भिंत पाडली होती आणि ती खांबाला लागून होती, हे ऐकून बाकीचे माफीबिफी विसरून त्याच्या अंगावर धावून गेले. "तरीच आमच्याकडे गळत होतं," असं तावातावाने सुरू झालं, आणि पुढची पाचदहा मिनिटं तो दहावा न राहता सोसायटीची वार्षिक सभाच झाली. माझी मोठी पंचाईत. एवढ्या वर्षांत त्या इमारतीची कुणी कुणी काय काय मोडतोड केली ते मला फुकट कळत होतं, आणि राग तर असा येत होता की एकेकाला धरून समुद्रात बुडवावं.

पलीकडे वाळूवर दुसऱ्या कुणाचा दहावा चालला होता. त्यांच्या पिंडाला कावळा चटकन शिवला. आमच्याच कठड्यावरून उडून गेला तो. त्यांच्यातले एक गृहस्थ पंच्याने तोंड पुसत आमच्यापाशी आले.

"तुमचं कोण गेलं?"

"सिंधुछाया," विजयकर म्हणाले.

"वय झालं होतं?"

"तसं नाही. पण आतून पोखरली होती. शेवटी शेवटी तर सिमेंटचे पोपडे पडायचे."

त्या गृहस्थांनी बराच वेळ विजयकरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते हळूहळू निघून गेले.

ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी सुचवलं, दर्भाचा कावळा करून शिववू, तशी सोय आहे.

"खरा कावळा," तात्या म्हणाले. "गवताच्या कावळ्याला मी किल्ली देणार नाही."

"अहो तात्या, माणसांसाठीसुद्धा चालतो तो."

"माणसांसाठी चालत असेल."

तेवढ्यात वरून आवाज आला. "अहो, झालं की नाही? सगळ्यांची बोलणी झाली असतील तर मला खाली न्या. मी बोलते."

तात्या वर बघायला लागले. "अगं, तू कशी येणार?"

"मी कशी येणार ते तुम्ही ठरवा."

मी, विजयकर आणि आणखी दोघे वर गेलो. काकींनी इस्त्रीची साडी नेसली होती, बॅगेतली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवलं, चार पाय चौघांनी धरले आणि निघालो. आणि तेव्हा मला कळलं की दाभोळ्यांनी हा जिना आपापल्या पायांनी चढणाऱ्या माणसांसाठी काढला होता. पहिल्याच वळणाला खुर्ची अडकली. तिरकी केली तर काकी घसरायला लागल्या. सरळ केली तर विजयकर भिंत आणि खुर्ची ह्यांच्यामध्ये चेपले गेले. ज्या वळणाचे मी शेकड्यांनी फोटो काढले होते त्या वळणावर खुर्चीचा पाय माझ्या बरगडीत रुतला होता आणि मी दाभोळ्यांना अशा शिव्या घालत होतो की नैरोबीला ऐकू जाव्यात.

"ठेवा जरा. दम खा," काकी म्हणाल्या. त्याच तेवढ्या शांत होत्या. भोकांतून उजेड येत होता. "कित्ती दिवसांनी बघतेय. ह्याच पायऱ्यांवर मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा बसायचे, दुपारी, कुणी नसताना. गार असायच्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू म्हणतोस ते काही खोटं नाही रे सुबोध. आहे सुंदर."

मी खुर्चीचा पाय धरून उभा राहिलो. मला रडू येत होतं, आणि त्यातलं थोडं बरगडीमुळे होतं.

खाली पोचलो तेव्हा सगळे वाट बघत होते. काकींची खुर्ची फोटोसमोर वाळूत टेकवली. त्यांनी हात जोडले नाहीत. शेजारणीशी बोलतात तशा बोलायला लागल्या.

"ह्या सगळ्यांचं ऐकू नकोस. तुझी काही इच्छाबिच्छा राहिलेली नाही. तुझं सगळं व्यवस्थित झालं. राहिलंय ते माझं. माझे पाय गेले तेव्हा मी म्हटलं होतं, आपण दुसरीकडे राहायला जाऊ. एकदा नाही, दहादा म्हटलं. तुझ्यापायी नाही गेलो. माझी बहीण गेली गिरगावात, मला जाता आलं नाही. समुद्र रोज खिडकीतून बघितला, पण त्या वाळूवर पाय नाही टेकता आला. मला फार राग होता. खूप म्हणजे खूप. कुणाला बोलले नाही. आता धरून ठेवायचा कंटाळा आलाय. मी काही मनात ठेवलेलं नाही. तू मोकळी आहेस, जा."

तात्या काकींच्या मागेच उभे होते. ते जरा पुढे वाकले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हे तिला म्हणालीस?"

"मग? इतकी वर्षं जागचं न हललेलं दुसरं कोण आहे इथे?"

तात्या सरळ उभे राहिले. त्यांनी फोटोकडे बघितलं, मग इमारतीकडे, मग पिंडाकडे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो चेहरा मी फोटोत धरला असता तर तात्या म्हणाले असते, ह्यात आजारी दिसतो.

"शिवला," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी पिंडाकडे बघितलं. पिंड जसाच्या तसा होता. वरचं दहीसुद्धा हललं नव्हतं. जवळात जवळचा कावळा कठड्याच्या पार टोकाला होता आणि त्याची आमच्याकडे पाठ होती.

विजयकरांनी तोंड उघडलं. शालनताईंनी त्यांना असा चिमटा काढला की ते जागच्या जागी उडाले.

"शिवला ना, गुरुजी?" तात्यांनी विचारलं. आवाज दरडावणीचा होता, पण हात करगोट्यातल्या किल्लीवर गेला होता.

गुरुजींनी पिंडाकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. "स्वच्छ शिवला," ते म्हणाले. "उजव्या बाजूने."

"मीही बघितला," शालनताई म्हणाल्या. मग सगळ्यांनीच बघितला. मोरीची भिंत पाडणाऱ्याने तर दोन कावळे बघितले.

तात्यांनी करगोट्यातून किल्ली सोडवली. गाठ सुटेना तेव्हा विजयकर वाकून दाताने सोडवायला लागले. किल्ली हातात पडली तसे ते तिथेच वाळूत बसले आणि त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"आता मला परत वर नेऊ नका," काकी म्हणाल्या.

"नाही नेत," तात्या म्हणाले. "तुझी बॅग घेऊन येतो. टॅक्सी इथूनच करू."

ते एकटेच वर गेले. माणसं पांगली. मी काकींची खुर्ची पाण्याच्या जरा जवळ सरकवली आणि शेजारी उभा राहिलो. त्यांनी चपला काढून पाय वाळूत टेकवले होते.

"सुबोध, जरा जाऊन बघ रे. खरंच शिवलाय का पिंडाला?"

मी तिथूनच बघितलं. "नाही, काकी."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. "लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्यासाठी आज पहिल्यांदा खोटं बोलला तो माणूस. आणि तेसुद्धा धड बोलता आलं नाही."